चाक, माती आणि कोरणी

(चाक फिरतंय. बोटांतून वर चढणारी माती, अगदी जवळून.)

कोल्हापूर, शाहूपुरीची कुंभार गल्ली. चाकावर बसल्यात त्या बँकेतून निवृत्त झालेल्या बाई. मागे उभे आहेत कुंभारमामा. "ताई, दाबू नगासा. नुसता हात धरा, माती आपसूक वर येती."

(मळणाऱ्या पायांचं दृश्य लांबू द्यावं.)

चाकावर येण्याआधी माती वाळवून फोडायची, चाळायची, भिजत घालायची. मग खडे वेचत पायानं तुडवायची. तुडवताना तिच्यात राख मिसळतात, नाहीतर घोड्याची लीद. आव्यात, म्हणजे भांडी भाजायच्या भट्टीत, लीद जळून जाते, तिच्या जागी बारीक छिद्रं उरतात आणि वाफेला बाहेर पडायला वाट मिळते.

दोऱ्यानं कापून उतरवलेलं भांडं सावलीत ठेवतात. उन्हात काठ आधी सुकतो, बूड ओलंच राहतं, आणि तडा जातो. सावलीत मुरलेली माती अंगाच्या साबणाइतकी घट्ट झाली, की कोरायला घ्यायची. त्याआधी घेतली तर कोरणी रुतते. पार सुकली तर टवके उडतात.

आणि खरी गंमत इथं आहे. फोटो सगळे चाकाचे काढतात, आम्हीही काढले. पण चाकावर भांडं गोलच यावं लागतं. कोरताना असं काही बंधन नाही. नोकरीभर आकडे जुळवलेल्या बाईंनी आधी नेटकी कोयरी काढली, मग ओल्या बोटानं पुसून टाकली.

(पुसलेल्या कोयरीवर उमटणाऱ्या आडव्यातिडव्या रेघा. निवेदन थांबतं.)

लहानपणी बेंदराला कुंभाराकडून आणलेल्या मातीच्या बैलांची शिंगं मोडायची, ती या बाईच चिकटवायच्या. त्यानंतर मातीला हात लागला तो आत्ता.

(टाउन हॉल संग्रहालय, काचेमागची खापरं.)

या गावात मातीची भांडी सातवाहनांच्या काळीही होती. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. तिथल्या वस्तू या संग्रहालयात आहेत. पाहायला फारसं कुणी थांबत नाही, ती गोष्ट वेगळी.

आव्यात सहाशे अंशांच्या आसपास मातीच्या कणांत बांधलेलं पाणीही निघून जातं. मग ती कितीही भिजवली तरी चिखल होत नाही. तिच्यातल्या लोहामुळे भांड्याला तांबडा रंग येतो. धूर कोंडला तर तेच भांडं काळं पडतं.

स्टील आलं, प्लास्टरच्या मूर्ती आल्या, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत गल्लीत पाणी शिरलं. बरीच चाकं थांबली.

(मामा शाडू मळताना.)

गणपतीचा हंगाम लागला की बाईंचं शिकणंही थांबतं. मामांना मूर्तींपुढे सवड नसते. नवरात्राचे घट विकून झाले, की त्या पुन्हा चाकावर बसतात.