डिग्री झाली, भाऊपण राहिलं

(काळी स्क्रीन. फक्त पायांचा आवाज. मग बूट दिसतात.)

आधी हे बूट बघा. दहा-बारा पोरं एका ओळीत, खांद्याला खांदा लावून, ढोल नाही ताशा नाही, नुसत्या टाचा आणि टाळ्या, आणि तरी सगळ्यांचा पाय एकदम पडतोय. याला म्हणतात स्टेप शो. अंगावर काळा आणि सोनेरी रंग, छातीवर तीन ग्रीक अक्षरं, अल्फा फाय अल्फा, हे यांच्या फ्रॅटर्निटीचं नाव. फ्रॅटर्निटी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांची भाऊपणाची संघटना. आपल्याला फ्रॅटर्निटी म्हटलं की हॉलिवूडच्या पिक्चरमधल्या पार्ट्याच आठवतात, पण ही फ्रॅटर्निटी काळ्या विद्यार्थ्यांची आहे आणि तिचं खरं काम कॉलेज संपल्यावर सुरू होतं.

(बर्फ. टेकडीवरचा घड्याळाचा टॉवर.)

हे इथाका, न्यूयॉर्क राज्यातलं छोटं गाव, आणि वर टेकडीवर कॉर्नेल युनिव्हर्सिटी. 1905 साली इथे शिकणारे सहा काळे विद्यार्थी सुट्टीनंतर परत आलेच नाहीत. अ‍ॅडमिशन मिळाली होती हो, पण राहायचं कुठे, अभ्यास कुणाबरोबर करायचा, अडलं तर विचारायचं कुणाला, यातलं काहीच नव्हतं. मागे राहिलेली पोरं गावातल्या काळ्या कुटुंबांच्या घरी जमायला लागली, पुस्तकं वाटून घ्यायची, एकमेकांचा अभ्यास घ्यायची. त्यातले काहीजण पोट भरायला गोऱ्या मुलांच्या फ्रॅटर्निटी हाऊसमधे वेटरचं काम करायचे. म्हणजे विचार करा, हातात ताटं, आणि समोर टेबलावर जे भाऊपण चाललंय त्यात आपल्याला जागा नाही. आपण नुसतं अभ्यास मंडळ राहायचं की फ्रॅटर्निटी व्हायचं यावर त्यांच्यात बराच वाद झाला, आणि शेवटी 4 डिसेंबर 1906 ला सात जणांनी ठरवलं, फ्रॅटर्निटीच. सात जण, बस.

(हार्लेम. चर्चची उंच भिंत, कॅमेरा हळूहळू वर.)

हार्लेम, न्यूयॉर्क शहरातली काळ्या लोकांची वस्ती, तिथलं हे सेंट फिलिप्स चर्च. हे ज्या दोन काळ्या आर्किटेक्टनी उभारलं त्यातला एक त्या सातांपैकी, व्हर्टनर टँडी. त्या सातांपैकीच जॉर्ज केली इंजिनियर झाला. यूजीन जोन्स नॅशनल अर्बन लीगचा प्रमुख झाला, शहरात आलेल्या काळ्या लोकांना नोकरी आणि घर मिळवून देणारी ही संस्था. हेन्री कॅलिस डॉक्टर. मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते, ज्याला त्या घरात कुणीतरी अभ्यासाला बसवलं होतं तो पुढे आयुष्यभर दुसऱ्याला बसवत राहिला. इथे मेंबरशिप चार वर्षांची नसते, मरेपर्यंतची असते. पदवीधरांचे वेगळे चॅप्टर, म्हणजे शाखा, असतात, तिथे नोकरदार, वकील, डॉक्टर महिन्याच्या मीटिंगला येतात, शाळेतल्या पोरांना कॉलेजला जा म्हणून मागे लागतात, मतदार नोंदणी करतात. हेच काम गेली शंभर वर्षं.

वकील थर्गुड मार्शल, जो पुढे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा पहिला काळा न्यायाधीश झाला, तो यातलाच. 1936 साली त्याने मेरिलँडच्या लॉ स्कूलचं दार एका काळ्या मुलासाठी कोर्टातून उघडून घेतलं, आणि तो मुलगा, डोनाल्ड मरे, तोही अल्फाच. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत डू बॉइस पण अल्फा, ज्यांना आपल्या बाबासाहेबांनी 1946 मधे पत्र लिहिलं होतं आणि ज्यांनी उत्तरही दिलं होतं. आणि मार्टिन ल्यूथर किंग 1952 साली, बॉस्टनमधे पीएचडी करताना, तेवीस वर्षांचा असताना यात आला.

(वॉशिंग्टन. पाणी, चेरीची झाडं, मग दगड.)

आता हा दगड. तीस फुटांचे किंग, हाताची घडी घालून उभे. हे स्मारक सरकारच्या डोक्यातून नाही आलं. 1984 मधे अल्फाच्या लोकांनी कल्पना मांडली, मग बारा वर्षं पाठपुरावा, 1996 ला काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची परवानगी, मग पंधरा वर्षं पैसे जमवणं, जवळजवळ बारा कोटी डॉलर, जागा, डिझाईन, मंजुऱ्या, आणि 2011 ला लोकांसाठी उघडलं. पत्ता काय तर 1964, इंडिपेंडन्स अ‍ॅव्हेन्यू, कारण 1964 हे वंशभेदाला बंदी घालणाऱ्या सिव्हिल राइट्स कायद्याचं साल. एका भावाचं काम बाकीच्यांनी सत्तावीस वर्षं सोडलं नाही.

पण नवीन पोरांना आत घेताना मारहाणही होते. काळ्या विद्यार्थ्यांच्या अशा आठ संघटनांनी मिळून 1990 मधे आत घेण्याची जुनी पद्धत बंद केली, तरी ते थांबलं नाही, त्यात पोरांचे जीवही गेले, आणि ते या चित्रांइतकंच खरं आहे.

(स्मारकाजवळ दोन माणसं.)

हे आम्हाला सहज मिळालं, ठरवून शूट केलेलं नाही. ते म्हातारे गृहस्थ, काळं-सोनेरी जॅकेट, सत्तरी पार केलेले. तो पोरगा, पाठीवर सॅक. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. आधी विचारतात चॅप्टर कुठला, मग साल कुठलं, मग हात हातात तसाच राहतो. पोरगा इंजिनियरिंगला आहे, उन्हाळ्यासाठी इंटर्नशिप शोधतोय. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन काढला आणि एकेक आकडा मोठ्याने म्हणत नंबर लिहून घेतायत.

(इथून पुढे निवेदन नको. त्यांचा आवाज तसाच ठेवा.)