नळी एकाची, नातं सगळ्यांचं

(दृश्य: टेबलावर प्लास्टिकची छोटी नळी, अगदी जवळून.)

अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. मग नळीवरच्या रेघेपर्यंत थुंकी भरायची. वाटतं तेवढं सोपं नसतं ते, तोंडाला कोरड पडते. शिवाय फेस मोजायचा नाही. झाकण लावलं की त्यातला द्रव खाली उतरतो. नळी हलवायची आणि टपालात टाकायची. काही आठवड्यांनी कळतं आपले पूर्वज कुठले, आणि जगात आपले नातेवाईक कोण कोण आहेत.

अमेरिकेतल्या 'ट्वेंटीथ्री अँड मी' या कंपनीकडे सुमारे दीड कोटी लोकांची अशी माहिती जमली.

(दृश्य: अंधाऱ्या खोलीत संगणकाचा पडदा.)

२०२३ साली चोरांना इथे कुलूप तोडावंही लागलं नाही. इतर ठिकाणांहून चोरलेले पासवर्ड त्यांनी इथे लावून पाहिले. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवणाऱ्यांची खाती उघडत गेली, सुमारे १४ हजार. पण या खात्यांतून त्या त्या माणसाशी डीएनए जुळणारे नातेवाईकही दिसत होते. त्या वाटेने ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. त्यांतल्या बहुतेकांचा पासवर्ड चोरांच्या हाती लागलाच नव्हता!

मग याद्या विकायला निघाल्या. अश्केनाझी, म्हणजे मुळात मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यू वंशाच्या लोकांची एक, चिनी वंशाच्या लोकांची एक. वंश पाहून वेगळी काढलेली नावं. ज्यूंच्या घरात अशा यादीचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

(दृश्य: लग्नातला जुना फोटो, आते-मामे भावंडं एका रांगेत.)

आते-मामे भावंडांचा सरासरी साडेबारा टक्के डीएनए सारखा असतो. न्यू जर्सीतल्या आतेबहिणीने नळी भरली, की साताऱ्याच्या मामेभावाचाही थोडा अंश तिथे जमा होतो. त्याला कुणी विचारलेलं नसतं. कॅलिफोर्नियात २०१८ साली एक क्रूर खुनी पकडला गेला तो दूरच्या नातेवाइकांच्या डीएनएवरूनच. तो सापडला हे चांगलंच झालं. पण तीच वाट निरपराध माणसाच्या दारापर्यंतही जाते.

मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ही माहिती लिलावातली मालमत्ता झाली. कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी ग्राहकांना त्यांचे हक्क सांगितले: खात्यात जा, माहिती पुसा, साठवलेला नमुना नष्ट करायला सांगा.

(दृश्य: पडद्यावर 'माहिती पुसून टाका' हे बटण.)

आतेबहीण हे बटण दाबू शकते. मामेभावाला ते दिसतही नाही, त्याचं तिथे खातंच नाही.