खिंकालीतला रस्सा येतो कुठून?

[दृश्य: उंचावरून. दोन नद्यांचा संगम, दोन रंगांचं पाणी.]

एक नदी फिकट, दुसरी काळसर. नाव मात्र दोघींचं एकच, अराग्वी. एक पांढरी अराग्वी, एक काळी. संगम झाला तरी लगेच मिसळत नाहीत. बराच वेळ एकाच पात्रातून दोन रंग शेजारी-शेजारी वाहतात.

संगमावरचं गाव आहे पासानाउरी. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी इथून साधारण 90 किलोमीटर दक्षिणेला. उत्तरेला कॉकेशसची मुख्य रांग, आणि रांगेपलीकडे रशिया.

[दृश्य: ट्रकची लांब रांग. हॉटेलांच्या पाट्या, वाफाळती काच.]

हा जॉर्जियन मिलिटरी हायवे. डोंगरातली वाट फार जुनी. 19व्या शतकाच्या सुरुवातीला रशियन फौजांनी तिचा गाडीरस्ता केला. आजही रशियाकडे जाणारा माल याच रस्त्याने जातो. ट्रक ड्रायव्हर असो, नाहीतर गुदाउरीच्या बर्फात स्कीइंगला निघालेलं तिबिलिसीचं कुटुंब असो, पासानाउरीत गाडी थांबते ती खिंकालीसाठी. पिठाची पारी, आत मांस, मांसाभोवती गरम रस्सा.

शहरात गल्लीगल्लीत खिंकाली मिळते. सुपरमार्केटमध्ये गोठवलेलीही मिळते, पिशवीत भरलेली, सगळ्या एका मापाच्या. ती आम्ही चित्रित केली नाही.

[दृश्य: लाकडी गॅलरी असलेलं घर. दारात आजी. हातात सुरी, धार बघतेय.]

ही बेबिया. जॉर्जियात आजीला बेबिया म्हणतात. या घरात सगळे तिला त्याच नावाने हाक मारतात, शेजारीसुद्धा. शेजारी उभी आहे ती तिची सून. आणि ओढणी कमरेला खोचून बाह्या वर सारणारी ही मुलगी लातूरची. तिबिलिसीत डॉक्टरकीचं शिक्षण घेतेय. तिथे भारतातून आलेले हजारो विद्यार्थी आहेत, त्यात मराठी मुलं-मुली पुष्कळ. वर्गातलं शिक्षण इंग्रजीत, पण वॉर्डातला पेशंट जॉर्जियनच बोलतो, म्हणून ती भाषा शिकावी लागते. आली होती आमची दुभाषी म्हणून. बेबियाने तिच्या हातात कांदे दिले.

[दृश्य: ओंडक्याचा जाड तुकडा. त्यावर मांस. सुरीचा आवाज. निवेदन थोडं थांबतं.]

बैलाचं मांस आणि थोडं डुकराचं, चरबीसकट. पूर्वी या डोंगरांत मेंढीचं मांस वापरायचे, अजूनही काही घरांत वापरतात. बेबिया ते खिम्याच्या यंत्रात घालत नाही. यंत्र आहे घरात, कपाटावर ठेवलंय, दिसलं तुम्हाला. सुरीने आधी पट्ट्या, मग आडवे तुकडे, मग दोन्ही हातांत दोन सुऱ्या घेऊन कुटल्यासारखं तोडायचं. गोळा पसरतो, सुरीच्या पात्याने तो पुन्हा मधे ओढायचा, पुन्हा तोडायचा. डोंगरातले पुरुष पूर्वी हे खंजिराने करायचे, असं आजोबा सांगतात. ते सांगतात तेव्हा सुऱ्या बेबियाच्या हातात आहेत.

यंत्रात मांस चेंगरतं. त्यातलं पाणी तिथेच सुटतं, उरतो तो लगदा. सुरीने तोडलेल्या मांसाचा कण वेगळा राहतो, खाताना दाताखाली येतो. शहरातली बरीचशी हॉटेलं यंत्र वापरतात. चालतं तेही. पण खिंकालीची चव बघायला पासानाउरीपर्यंत यायचं आणि यंत्रातलं मांस खाऊन परत जायचं, याला अर्थ नाही.

[दृश्य: परात. मांसात कांदा, लाल मिरची, मीठ. मग पाण्याचा पेला.]

आता पेल्याकडे लक्ष द्या. रस्सा वेगळा शिजवून आत भरत असतील, असं बऱ्याच जणांना वाटतं. इथे तसं काही नाही. किलोभर मांसाला साधारण दीड पेला गार पाणी. एकदम ओतायचं नाही. थोडं घालायचं, हाताने मळायचं, मांसाने ते पिऊन टाकलं की पुढचं घालायचं. मिठामुळे मांसातली प्रथिनं चिकट होतात आणि पाणी धरून ठेवतात. बघा, परातीत एवढं पाणी गेलं, तळाला थेंब दिसत नाही. पुढे उकळत्या पाण्यात खिंकाली शिजेल तेव्हा तीच प्रथिनं आकसतील आणि धरलेलं पाणी सोडतील, चरबी आणि कांद्याचा रस घेऊन. बाहेर जायला वाट नसेल तर तो रस्सा. वाट असेल तर नुसतं भांड्यातलं गढूळ पाणी.

कांदा बारीक. लसूण थोडा. शहाजिऱ्यासारख्या वासाचं एक बी हातावर चोळून घालते, त्याला क्वलिआवी म्हणतात. लातूरच्या मुलीने कोथिंबिरीबद्दल विचारलं. बेबिया हसली, सून त्याहून मोठ्याने हसली. कोथिंबीर-पार्स्ली घातलेली खिंकाली ती कालाकुरी, शहरातली. डोंगरातली म्तिउलुरी, तिच्यात हिरवं पान नाही. ही सगळी तक्रार कोथिंबिरीबद्दल नव्हती, शहराबद्दल होती, असं आम्हाला वाटलं.

[दृश्य: कणीक. तळहाताची टाच. टेबल हलतंय.]

पीठ, पाणी, मीठ. कणीक पोळीच्या कणकेपेक्षा खूप घट्ट. सून ती अंगाचा भार टाकून मळते, फडक्याखाली अर्धा तास ठेवते, पुन्हा मळते. मग जाडसर लाटायची, उलट्या पेल्याने चकत्या कापायच्या आणि प्रत्येक चकती परत लाटायची, तळहाताहून थोडी मोठी होईपर्यंत. कडा पातळ, मध्य किंचित जाड, कारण वजन मध्यावर येणार आहे.

[दृश्य: अगदी जवळून. फक्त बेबियाचे हात. इथे संगीत नको.]

चमचाभर सारण मधे. उजव्या हाताची बोटं कडेची एक चुणी उचलतात, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. डावा अंगठा आत राहून सारण खाली दाबतो, आणि पारी स्वतःभोवती फिरत जाते. मराठी माणसाला इथे मोदक आठवणारच. फरक असा, की मोदकाच्या कळ्या एकमेकींपासून सुट्या, उभ्या असतात आणि वर टोकाशी भेटतात. इथे प्रत्येक चुणी आधीच्या चुणीवर झोपते, सगळ्या एकाच दिशेला. शेवटी झालेली पिशवी बेबिया देठाला धरून उचलते, एक हलका हिसका देते, सारण तळाशी बसतं. मग देठ पिळायचा, चिमटीत दाबायचा आणि वरचं जास्तीचं पीठ तोडून टाकायचं.

हॉटेलात बसलेली माणसं चुण्या मोजतात. चांगल्या खिंकालीला 19 तरी हव्यात, असं म्हणतात. कुणी त्याहून जास्त सांगतं. बेबिया मोजत नाही. तिने एक खिंकाली उलटी करून दाखवली. तळ इतका पातळ की आतलं मांस सावलीसारखं दिसतंय, आणि तरी कुठे चीर नाही. तिची परीक्षा ही.

[दृश्य: लातूरच्या मुलीचे हात. पहिली खिंकाली कलंडते. हशा.]

लातूरकडे मोदक तळणीचे, गव्हाच्या पारीचे. त्यामुळे या घट्ट कणकेला तिचे हात बुजले नाहीत. अडचण आली ती ओल्या सारणाची. खोबऱ्याचं सारण जागच्या जागी बसून राहतं. हे मांस पाणी प्यायलेलं, चुणी पडायच्या आत कडेला धावतं, आणि कड एकदा ओली झाली की पीठ पिठाला चिकटत नाही. बेबिया तिच्या मागे उभी राहिली, तिचा डावा अंगठा स्वतःच्या अंगठ्याखाली धरला आणि दोघींनी मिळून पारी फिरवली. बोलणं काही झालं नाही, त्यामुळे भाषांतर करायलाही काही नव्हतं. पुढची खिंकाली उभी राहिली. थोडी लंगडी, पण उभी.

त्याच टेबलावर, सुनेसमोर, दुसऱ्या सारणाची परात आहे. अळंबी आणि कांदा. आमचा कॅमेरामन शाकाहारी. ते सांगायला आम्ही संकोचत होतो, पण कुणाला नवल वाटलं नाही. जॉर्जियन ऑर्थोडॉक्स चर्चचे उपवास वर्षातून पुष्कळ दिवस असतात. ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास सात आठवड्यांचा, त्यात मांस नाही, दूध नाही, अंडी नाहीत. अळंबीची, बटाट्याची खिंकाली तेव्हा घरोघरी होते. पूर्वेला तुशेती नावाच्या डोंगराळ भागात बटाट्याची बारमाही चालते.

[दृश्य: मोठं पातेलं. उकळी. खिंकाल्या एकामागून एक पाण्यात.]

पाणी खळखळतं हवं, मीठ हवं. टाकायच्या आधी लाकडी चमच्याच्या दांड्याने पाण्याला गोल फिरवायचं, म्हणजे खिंकाली तळाला बसून चिकटत नाही. पातेल्यात गर्दी करायची नाही. आधी बुडतात, मग एकेक करून वर येतात आणि आपापल्या अंगावर उलटतात. वर आल्यावरही काही मिनिटं शिजू द्यायच्या. एक फुटली. पाणी पांढरं झालं. ती कुणाची, हे सगळ्यांना कळलं, आणि बेबियाने ती हळूच स्वतःच्या ताटात काढून घेतली.

[दृश्य: थाळा. वरून भरडलेली मिरी. वाफ.]

काटा-चमचा मागू नका. देठाला धरून खिंकाली उलटी करायची, कडेला छोटा चावा घ्यायचा आणि आधी रस्सा ओढून घ्यायचा. मग बाकीचं. ताटात रस्सा सांडला तर तुम्ही पाहुणे आहात हे कळतं. देठ खात नाहीत. सगळ्या चुण्या तिथे एकत्र आल्यामुळे पीठ जाड असतं, पुरतं शिजत नाही. त्याला कुदी म्हणतात, म्हणजे टोपी. ताटाच्या कडेला टोप्या जमत जातात आणि कुणी किती खाल्ल्या याचा हिशेब उघड्यावर राहतो. नातवाच्या ताटाकडे बघा.

[दृश्य: टेबलाच्या टोकाला आजोबा. हातात ग्लास.]

आजोबा आज तामादा आहेत. मेजवानीचा, म्हणजे सुप्राचा, सूत्रधार. देशासाठी, गेलेल्यांसाठी, मुलांसाठी, पाहुण्यांसाठी, प्रत्येक टोस्टला एक छोटं भाषण. जॉर्जियाने 2017 साली सुप्राचा समावेश आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. खिंकालीबरोबर हॉटेलात सहसा बिअर चालते, पण बिअरचा ग्लास उंचावून टोस्ट करायचा नाही, असा जुना संकेत आहे. म्हणून आजोबांच्या हातात वाइन आहे. भाषण छान झालं. त्यातला थोडाच भाग इथे घेतलाय, कारण त्याच वेळी आतल्या खोलीत बेबिया आणि सून दुसरा घाणा काढत होत्या, आणि आमचा एकच कॅमेरा तिकडे होता.

खिंकाली मुळात कुणाची, यावरही टेबलावर वाद झाला. मंगोलांबरोबर 13व्या शतकात आली, असं एक मत. तिबेटी मोमो, मंगोलियन बूझ, मध्य आशियातली मंती, नातेवाईक तर सगळीकडे दिसतात. आजोबांना हे मत मान्य नाही. त्यांच्या मते खिंकाली या डोंगरातलीच, आणि विषय संपला.

[दृश्य: डोंगरात बोगद्याचं काम. बंद घराच्या खिडक्या. लवकर पुढे.]

वरच्या बाजूला क्वेशेती ते कोबी असा नवा रस्ता होतोय, त्यात सुमारे 9 किलोमीटरचा बोगदा आहे. डोंगराळ भागात राहणाऱ्यांना 2016 पासून सरकार पेन्शनमध्ये भर आणि विजेच्या बिलात सवलत देतं, तरी तरुण मुलं तिबिलिसीला आणि पुढे युरोपला जातात. बेबियाचा मुलगाही असाच बाहेर असतो. सून पाहुण्यांसाठी खिंकाल्या वळते.

[दृश्य: सकाळ. तवा. लोण्याचा आवाज.]

रात्री उरलेल्या खिंकाल्या सकाळी लोण्यात तळतात. पारी कुरकुरीत होते, तळाला तांबूस डाग पडतात. रस्सा तेव्हा मांसात परत गेलेला असतो, चावल्यावर काही सांडत नाही. बेबियाच्या मते ही खिंकाली नाहीच, कालचं शिळं आहे. नातू रात्री मुद्दाम कमी खातो, सकाळच्या या तळलेल्या मिळाव्यात म्हणून. लातूरच्या मुलीने तीन मागून घेतल्या, आणि कुद्यासुद्धा खाल्ल्या.