माग आपला, सूत दुसऱ्याचं

इचलकरंजीत विक्रमनगरला जावा नाहीतर शहापूरला, गल्लीत शिरलं की मागांची खटखट ऐकू येतेच. मात्र हल्ली मधेच एखादी शेड गप्प असते. आत डोकावलं तर माग उभे असतात पण पट्टे काढून ठेवलेले, आणि शेजारचा सांगतो की मालकानं विकायला काढलेत. घेणारा कोण, तर भंगारवाला, किलोवर.

कोल्हापूर जिल्ह्यातलं हातकणंगले तालुक्यातलं हे गाव. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला, आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे सरकारांनी या धंद्याला बळ दिलं. मग हळूहळू घराघरात माग आले. कामगार म्हणून आलेला माणूस चार पैसे साठवून दोन माग घ्यायचा, दोनाचे चार, चाराचे आठ, असं करत गाव वाढत गेलं, धोतर, मलमल, पॉपलीन, केंब्रिक सगळं इथं विणलं गेलं, महाराष्ट्राचं मँचेस्टर असं नाव पडलं, आणि 2022 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका पण झाली. एवढं सगळं उभं राहिलं त्या चार-आठ मागवाल्यांच्या जोरावर, आणि आज सगळ्यात जास्त पिळून निघतोय तोच.

त्याला इथं खर्चीवाला म्हणतात. माग त्याचा, शेड त्याची किंवा भाड्याची, लाईटबिल त्याचं, कामगार त्याचा. पण सूत व्यापाऱ्याचं. व्यापारी सायझिंग करून, म्हणजे उभ्या धाग्याला खळ लावून, त्याचं बीम, म्हणजे मागावर चढवायचा मोठा रूळ पाठवतो, आडव्या धाग्याचं सूत पाठवतो, खर्चीवाला कापड विणून परत देतो आणि मीटरवर मजुरी घेतो. कापड कितीला विकलं, कुणाला विकलं, राजस्थानात बालोत्र्याला गेलं का पालीला, त्याच्याशी याचा संबंध नाही. सुताचा दर वर गेला की व्यापारी म्हणतो परवडत नाही, मजुरी कमी कर. दर पडला की म्हणतो बाजारात उठाव नाही, बीम थांबवतो. दोन्हीकडनं मार यालाच.

जरा हिशोब बघूया, कारण हिशोब बघितल्याशिवाय हे कळतच नाही. मजुरी ठरते पिकावर, म्हणजे इंचात आडवे धागे किती त्यावर. समजा 52 पिकाचं कापड आहे आणि पिकाला 7 पैसे मजुरी धरली, तर मीटरला झाले 3 रुपये 64 पैसे. धोट्याचा, म्हणजे आडवा धागा इकडनं तिकडं नेणाऱ्या धोट्यावर चालणारा साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास पिकं मारतो, म्हणजे एक मीटर व्हायला कागदावरच 13-14 मिनिटं लागतात, त्यात धागा तुटतो, धोट्यातली सुताची कांडी संपते, लाईट जाते, तर 12 तासांच्या पाळीत एका मागावर चाळीसेक मीटर निघालं तरी खूप झालं. म्हणजे एका मागाचे एका पाळीला 145 रुपये. याच्यातनं कामगाराची मजुरी, कांडीवालीचे पैसे, माग दुरुस्त करणारा जॉबर, नव्या बीमचे धागे मागात भरणारे वहिफणीवाले, कापडाची घडी, तेलपाणी, मोडतोड, भाडं आणि लाईटबिल. उरलं तर घरात.

आणि हे 145 रुपये पण लगेच हातात येत नाहीत, खरं दुखणं इथं आहे. कामगाराला आठवड्याच्या आठवड्याला पगार द्यावाच लागतो, त्याचं पोट हातावर आहे, ओडिशा बिहारकडनं आलेला असला तर गावाकडं पण पाठवायचे असतात. लाईटबिलाची तारीख ठरलेली. पण मजुरीचं बिल कधी मिळणार याला तारीख नाही. महिना, दोन महिने, कधी तीन. तेवढे दिवस व्यापाऱ्याचा धंदा खर्चीवाल्याच्या पैशावर चालतो असंच म्हणायला पाहिजे, आणि खर्चीवाला मात्र तोवर पतसंस्थेत दागिने ठेवतो.

1 एप्रिल 2024 पासून आयकराचा नवा नियम लागू झाला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यायचे, नाहीतर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही. नियम चांगला आहे, मनापासून सांगतो. पण व्यापाऱ्याचं पुढचं गिऱ्हाईक पण व्यापारीच, आणि त्याच्यावर हे बंधन नाही. त्यामुळं आपला व्यापारी पुढनं उशिरा घेणार आणि मागं लवकर देणार कसा? मग उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंद, नसलेल्या मागवाल्याला हा नियम लागू होत नाही, तर त्याच्याकडं काम वळवायचं, ही वाट बऱ्याच जणांनी धरली.

विजेचं पण तसंच. 2024 मध्ये सरकारनं 27 अश्वशक्तीच्या आतल्या मागांना युनिटमागे जादा 1 रुपया सवलत जाहीर केली, पण नोंदणी आणि अटींमध्ये ती अडकून पडली, आणि ज्याच्या घरात कॉम्प्युटर नाही त्यानं ऑनलाईन अर्ज भरायला कुणाचे पाय धरायचे?

कुणी म्हणेल जुने माग टाका, रॅपियर घ्या, एअरजेट घ्या, म्हणजे बिनधोट्याचे नवे वेगवान माग. ज्यांना जमलं त्यांनी घेतलेत, यड्राव तारदाळकडं मोठ्या शेड उभ्या आहेत, तिथला माग साध्या मागाच्या कितीतरी पट कापड काढतो आणि कामगार कमी लागतो. पण कर्जाला तारण पाहिजे, आणि चार मागवाल्याकडं तारण म्हणून राहतं घरच असतं. घर लावायचं आणि मजुरी कधी येणार माहिती नाही, असल्या जोरावर कोण उडी मारणार?

म्हणून आम्हाला वाटतं सुरुवात मजुरीच्या बिलापासून व्हायला पाहिजे. उद्यम नोंदणी फुकट आहे, ती सगळ्यांनी करावी, म्हणजे नोंदणी नसलेला मागवाला शोधायला कुणाला जागाच राहणार नाही. काम घेताना पैसे किती दिवसांत ते लिहून घ्यावं. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात पैशाला उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज मागता येतं, तक्रारीला सरकारी परिषद आहे. एकटा गेला तर पुढचं बीम येणार नाही ही भीती खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. एका गल्लीतले पन्नास खर्चीवाले एकाच दिवशी एकाच अटीवर अडून बसले तर मात्र व्यापाऱ्याला पण बीम कुठंतरी चढवायचंच असतं.