पट ‘नाही’ म्हणतो तेव्हा

नमस्कार मंडळी. मी बुद्धिबळाचा पंच, व्याख्याता नव्हे. मला दोन मिनिटांत निकाल द्यायची सवय. आज तुम्ही त्याहून बराच वेळ दिलाय, तर एका मुलापासून सुरुवात करतो.

कोविडनंतर स्पर्धा पुन्हा सुरू झाल्या तेव्हाची गोष्ट. नऊ-दहा वर्षांचा मुलगा, बुद्धिबळ शिकला तो सगळा फोनवर. रॅपिडचा, म्हणजे कमी वेळेचा, डाव चाललेला. त्याचा घोडा आणि मागे राजा एकाच तिरक्या रेषेत, आणि त्या रेषेवर समोरच्या मुलीचा उंट रोखून बसलेला. म्हणजे घोडा पिन, हलला की राजाला शह. पठ्ठ्याने घोडा उचलला, छान मधोमध नेऊन ठेवला आणि घड्याळ दाबलं. मुलीने हात वर केला. मी गेलो, घड्याळ थांबवलं, घोडा मागे घेतला, तिच्या वेळेत दोन मिनिटं वाढवली. ‘हात लावला तो मोहरा खेळ’ हा नियम इथे अडत नाही, कारण तसा पिन झालेला घोडा कुठेच जाऊ शकत नाही. म्हटलं, दुसरं काहीही खेळ. तो रडला नाही, भांडला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, “पण सर, जाऊ कसं दिलं?”

कोणी जाऊ दिलं? पटाने! फोन अशी चाल होऊच देत नाही, तेव्हा त्याच्या लेखी लाकडी पटाने कामचुकारपणा केला होता.

मला हसू आलं, पण घरी जाताना ते वाक्य डोक्यातून जाईना. आपल्या पिढीला पट काही सांगत नसे. राजा शहात ठेवून आपण बिनधास्त वजीर फिरवायचो आणि समोरचा काका मिश्या पिळत राजाच उचलून न्यायचा. कुठलीही चाल करता येते, ती चुकीची असेल तर कोणाच्या तरी लक्षात यावी लागते, ही खेळाची मूळ रीत. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचा आजचा नियमही तोच धागा धरून आहे: नेहमीच्या डावात आणि रॅपिडमध्ये पहिल्या बेकायदा चालीला प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं, ब्लिट्झ म्हणजे अगदी झटपट डावात एक मिनिट; दुसऱ्यांदा केलीत तर सहसा डाव गेला.

हा ‘लक्षात येण्याचा’ मामला किती गोत्यात आणतो ते रियाधला दिसलं. डिसेंबर २०१७, जागतिक ब्लिट्झ स्पर्धा, पहिलीच फेरी. जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनने हत्तीने शह दिला. समोर रशियाचा ग्रँडमास्टर एर्नेस्टो इनार्किएव. त्याने राजा वाचवायचा सोडून घोड्याने उलटा शह दिला! तेव्हा ब्लिट्झमध्ये पहिली बेकायदा चाल म्हणजे हार होती. पण ते सांगायचं भान कार्लसनला राहिलं नाही. त्याने सवयीने राजा हलवला. लगेच इनार्किएवने घड्याळ थांबवलं आणि म्हणाला, तुझीच चाल बेकायदा, मी जिंकलो. तिथल्या पंचाने आधी ते मान्यही केलं. मग मुख्य पंच आले, म्हणाले डाव पुढे खेळा. इनार्किएव खेळेना, तेव्हा गुण कार्लसनला. काही दिवसांतच, १ जानेवारी २०१८ पासून, पहिल्या चुकीला हार हा नियम ब्लिट्झमधून गेला.

ऑनलाइन हा तमाशा होतच नाही. घोडा सोडा, तो उडी मारून मूळ घरी परत येतो. लोक म्हणतात, प्रश्न मिटला. मला तसं वाटत नाही.

१९७४ साली मॉस्कोत कार्पोव आणि कोर्चनॉय या सोव्हिएत ग्रँडमास्टरांचा सामना होता. एकविसाव्या डावात कोर्चनॉयला किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, करायचा होता, पण त्याच्या हत्तीवर मारा होता. जगातल्या पहिल्या चार-पाचांतला हा माणूस उठून पंचांना विचारता झाला, हत्तीवर मारा असताना किल्लेकोट चालतो का? चालतो; राजावर किंवा राजा ज्या घरांवरून जातो त्यांवर मारा नको, इतकंच. त्याने किल्लेकोट केला आणि डाव जिंकला. आज हा प्रश्न विचारावाच लागत नाही. राजावर बोट ठेवा, जिथे जाता येतं तिथे ठिपके उमटतात. राजा आधी एकदा हलून परत आलेला असेल तरी यंत्राला आठवतं, तुम्हाला आठवायची गरज नाही. शह बसला की राजाखाली लाल. ही मदत आहे, मंडळी. ती दोघांना सारखी मिळते म्हणून आपण तिला मदत म्हणत नाही, एवढंच.

नकारात माहिती असते हे नवं नाही. १८९९ मध्ये हेन्री मायकेल टेंपल नावाच्या इंग्रज गृहस्थाने क्रीगश्पील नावाचा बुद्धिबळाचा प्रकार काढला. दोन खेळाडू पाठमोरे, प्रत्येकाला फक्त आपली मोहरी दिसतात, मधे पंच. तुम्ही चाल सुचवायची, पंच म्हणणार ‘नाही’. त्या ‘नाही’वरून ओळखायचं की प्रतिस्पर्ध्याचा उंट कुठे दबा धरून असेल. तिथे नकार हाच खेळ. फोनवरच्या ब्लिट्झमध्ये तोच नकार फुकट मिळतो आणि आपल्याला कळतही नाही की आपण काही घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, मग दंड करा, सर्व्हरने प्रत्येक चुकीच्या प्रयत्नाला समोरच्याला मिनिट द्यावं. मीही अगदी याच मताचा होतो. दोन सभांत भांडलोय त्यासाठी. मग एक गोष्ट ध्यानात आली. पटावर मोहरा ठेवणं आणि घड्याळ दाबणं ह्या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि बेकायदा चाल पूर्ण होते ती घड्याळ दाबल्यावर. मधल्या अर्ध्या क्षणात ‘अरेच्चा!’ म्हणून सावरता येतं. स्क्रीनवर तो अर्धा क्षणच नाही. बोट उचललं की चालही झाली, घड्याळही दाबलं गेलं. लोकलमध्ये उभं राहून खेळणाऱ्याचं बोट शेजारच्या घरात घसरलं, त्याला मिनिटाचा दंड? मी नाही करणार. मोहरा परत येण्यात वाया गेलेले सेकंद तेवढे पुरे.

प्री-मूव्ह बघा. समोरच्याची चाल व्हायच्या आधीच आपली ठेवून द्यायची. त्याने वेगळंच काही खेळलं आणि आपली ठेवलेली चाल बेकायदा ठरली, तर ती गुपचूप रद्द होते, बस्स. खरी पंचाईत ती कायदेशीर राहिली तर! मग वजीर सरळ प्याद्याच्या तोंडी जातो. म्हणजे इथे बेकायदा ठरणं हीच कृपा. ते आहे तसंच असू दे.

माझी मागणी छोटी आहे. बक्षिसाच्या किंवा मानांकनाच्या ऑनलाइन स्पर्धेत ठिपके बंद, लाल राजा बंद. ह्या खुणा बंद करायची सोय बहुतेक ठिकाणी सेटिंगमध्ये असतेच. स्पर्धेपुरती ती सगळ्यांसाठी सक्तीची करा. बेकायदा चाल यंत्राने परत पाठवावी, पण का ते सांगू नये. मोहरा मागे येतो, शोधा तुम्ही.

आणि शिकवणाऱ्यांसाठी, मी माझ्याकडच्या मुलांना काय करायला लावतो ते सांगतो. फोनशेजारी लाकडी पट मांडायचा. आधी चाल लाकडावर, मग फोनवर. लाकडाने घेतली आणि फोनने नाकारली, ती चाल वहीत लिहायची, तारखेसकट. सुरुवातीला वह्या भराभरा भरतात. तो घोडेवाला मुलगा आता माझ्याकडेच येतो. त्याच्या वहीत पहिल्या महिन्यात एकोणीस नोंदी होत्या, त्यातल्या अकरा पिन झालेल्या घोड्याच्या. बाराव्यांदा त्याने घोड्याला हात लावायच्या आधी मान वाकडी करून तिरकी रेष पाहिली, आणि हात मागे घेतला.