बोर्दो-पॅरिस : रात्री सुरू होणारी शर्यत

नमस्कार मंडळी! आज एका सायकल शर्यतीबद्दल बोलायचंय, जी आता होत नाही. फ्रान्समधली बोर्दो-पॅरिस. अंतर किती, तर साधारण ५६० ते ६०० किलोमीटर, म्हणजे आपल्याकडे मुंबईहून निघून थेट पणजी गाठायची आणि मध्ये मुक्काम नाही, झोप नाही. मध्यरात्रीनंतर अंधारात निघायचं आणि त्याच दिवशी दुपारी-संध्याकाळी पॅरिसला पोचायचं.

पहिली शर्यत १८९१ च्या मे महिन्यात झाली. आयोजकांना वाटलं होतं की एवढं अंतर कुणी सलग मारणार नाही, म्हणून त्यांनी वाटेत जेवणाची, झोपायची सगळी सोय करून ठेवली होती. पण जी. पी. मिल्स नावाचा इंग्रज हौशी सायकलपटू आला, मिनिटंभर थांबून घास-दोन घास खाल्ले आणि सुटला, आणि साधारण साडेसव्वीस तासांत पॅरिसला हजर! पहिले चारही इंग्रजच.

पुढे हिचा दबदबा इतका वाढला की १८९६ मध्ये पॅरिस-रूबे ही दुसरी सायकल शर्यत सुरू करताना तिच्या आयोजकांनी ती बोर्दो-पॅरिसची पूर्वतयारी म्हणून पुढे केली होती. आज रूबेच्या दगडी रस्त्यांचं नाव जगभर आहे आणि जिच्यासाठी ती सरावाची शर्यत होती तिचं नाव फार कुणाला माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

या शर्यतीची खरी ओळख म्हणजे पेसिंग. पुढे कुणीतरी वारा कापत जायचं आणि खेळाडूने त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहायचं. सुरुवातीला पुढे सायकलस्वार असायचे, टँडम म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकली असायच्या, १८९९ साली तर चक्क मोटारगाड्या होत्या. पण सगळ्यात गाजली ती देर्नी. देर्नी म्हणजे छोटं इंजिन बसवलेली पॅडलवाली गाडी, चालवणारा ताठ बसून स्वतःही पॅडल मारत असतो, म्हणजे वेग झटक्यात कमी-जास्त होत नाही, आणि माणूस जितका आडवा-रुंद तितका मागच्याला आडोसा चांगला. रात्रभर सगळे घोळक्याने एकत्र यायचे आणि मग उजाडल्यावर अर्ध्या वाटेत प्रत्येकाला आपापली देर्नी मिळायची, तिथून खरी मारामारी सुरू. आता विचार करा, अंगात शेकडो किलोमीटर भरलेत, रात्रीची झोप नाही, आणि इथून पुढे वेग वाढवायचाय!

१९६५ चा किस्सा तर सांगायलाच हवा. जाक आंकतील, तोपर्यंत ५ वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला, त्याने शनिवारी संध्याकाळी आव्हिन्योंला दोफिने ही कित्येक दिवस चालणारी डोंगराळ शर्यत आपला प्रतिस्पर्धी पूलिदोर याला मागे टाकून जिंकली, बक्षीस घेतलं, खाल्लं, विमानाने बोर्दो गाठलं आणि त्याच रात्री इथे सुरुवातीच्या रेषेवर उभा राहिला. रात्री पोट बिघडलं, तो सोडून द्यायला निघाला होता, पण त्याचा टीम मॅनेजर जेमिनियानी, त्याने असं काही डिवचलं की गडी इरेला पेटून परत निघाला. आणि जिंकला! स्टाब्लिन्स्की जेमतेम एका मिनिटाने मागे, तिसरा टॉम सिम्पसन. माझ्या मते सायकलिंगमध्ये यापेक्षा मोठा एक दिवस कुणी केलेला नाही.

पण खरा मालक म्हणाल तर बेल्जियमचा हर्मन व्हान स्प्रिंगेल, १९७० ते १९८१ या काळात ७ वेळा जिंकला. टूर त्याला कधी मिळाली नाही, १९६८ मध्ये अगदी शेवटच्या दिवशी हातातून गेली, पण या रस्त्यावर त्याला तोड नव्हती.

मग बंद का पडली? एक तर तयारीच अवाढव्य. या एका दिवसासाठी आठवडेच्या आठवडे लांब पल्ल्याचा सराव, देर्नीमागचा वेगळा सराव, आणि नंतर थकवा इतका की पुढचा सीझन बिघडायची भीती. टीमवाले म्हणायचे की एका दिवसासाठी आमचा चांगला माणूस का जाळायचा? त्यामुळे मोठी नावं गळत गेली, कधी कधी तर सुरुवातीला मोजकेच खेळाडू असायचे, १९७१ आणि १९७२ मध्ये शर्यत झालीच नाही. शेवटी १९८६ पासून देर्नी काढून टाकल्या, नेहमीच्या शर्यतीसारखी केली तर जास्त लोक येतील या आशेने. मला विचाराल तर घाव तिथेच बसला. देर्नीशिवाय उरलं काय, तर फक्त एक भयंकर लांब शर्यत, आणि तेवढ्यासाठी कोण येणार? १९८८ मध्ये जाँ-फ्रांस्वा रो जिंकला आणि व्यावसायिक खेळाडूंची बोर्दो-पॅरिस तिथे संपली. थोडे खेळाडू चालले असते, पाहुण्यांसारखे दहा-बाराच बोलवायचे, चांगले पैसे द्यायचे, पण देर्नी ठेवायच्या होत्या.