क्रोमची मागची बाजू

नमस्कार श्रोतेहो.

जुन्या गाडीचा बंपर कधी अगदी जवळून पाहिलाय? लांबून तो तपकिरी दिसतो, कामातून गेलेला वाटतो. पण नाक टेकेल इतकं जवळ गेलं की कळतं, तो तपकिरीपणा सलग नाहीच. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके असतात, शेकडो, आणि प्रत्येकाभोवती गंजाचं छोटं कडं पसरलेलं असतं. दोन ठिपक्यांच्या मधलं क्रोम जागच्या जागी असतं, इतकं शाबूत की त्यात आपला डोळा दिसतो. आज मी या ठिपक्यांविषयी बोलणार आहे. ते काय आहेत हे नीट कळलं, तर पुष्कळसं जुनं क्रोम वाचवता येतं. नाही कळलं, तर आपणच प्रेमाने ते घासून संपवतो.

क्रोम स्वतः गंजत नाही. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, पारदर्शक पापुद्रा धरतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. मग गंज येतो कुठून? खालून. ज्याला आपण क्रोमचा बंपर म्हणतो तो असतो पोलादाचा. पोलादावर बहुतेक वेळा तांबं चढवतात, तांब्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोम. हा वरचा थर असतो साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. निकेल त्यामानाने चांगलं जाड, १० ते ४० मायक्रॉन. पाण्यापासून पोलादाला खरं वाचवतं ते निकेलच. क्रोम त्याला काळवंडू देत नाही आणि वर ती निळसर, थंड झळाळी आणतं. मोटारींवर क्रोम आलं ते १९२०च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधीच्या गाड्यांवर नुसतं निकेल असे, किंचित पिवळसर, सतत पुसत राहावं लागणारं. तुमची गाडी तेवढी जुनी असेल, तर तो पिवळसरपणा दोष समजू नका आणि हौसेने त्यावर क्रोम चढवू नका. ती तशीच जन्मली आहे.

आता ठिपका कसा पडतो ते सांगतो. क्रोमच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात. त्यांतून पाणी निकेलपर्यंत जातं. निकेलमध्येही एखादं छिद्र असलं की ते थेट पोलादाला भिडतं. दोन वेगळे धातू, मधे खारट ओलावा, म्हणजे एक छोटी बॅटरीच झाली. या बॅटरीत झिजतं पोलाद आणि टिकतं निकेल. निकेलचं क्षेत्र एवढं मोठं आणि उघडं पोलाद टाचणीच्या टोकाएवढं, त्यामुळे सगळा मारा त्या एका बिंदूवर होतो आणि तिथे खोल खड्डा पडतो. लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते. तो छिद्रातून वर येतो आणि चांगल्या क्रोमवर सांडतो. आपल्याला दिसतो तो हा सांडलेला गंज. तो पुसता येतो. खड्डा पुसता येत नाही. या दोन गोष्टींतला फरक मनात पक्का धरा, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

हात लावण्याआधी धातू ओळखायला हवा. गाडीवर चमकतं ते सगळंच क्रोम नसतं. बाजूच्या पट्ट्या पुष्कळदा स्टेनलेस स्टीलच्या असतात. त्यांवर मुलामा नसतोच, त्यामुळे त्या निर्धास्तपणे पॉलिश करता येतात, पोचा गेला असेल तर आतून हलके ठोकून सरळही करता येतो. ग्रिल किंवा खिडकीची किनार ॲनोडाइझ केलेल्या, म्हणजे विजेच्या साह्याने वर संरक्षक ऑक्साइडचा थर चढवलेल्या, ॲल्युमिनियमची असू शकते. तिला घासलं की वरचा संरक्षक थर जातो आणि ती कायमची मंद होते. तिथे साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस्स. दाराच्या मुठी, बोनेटवरची चिन्हं, दिव्यांची कोंदणं यांत जस्ताचं मिश्रधातू ओतकाम फार. ते तपकिरी गंजत नाही. त्यावर फोड येतात आणि फोड फुटला की आत पांढरी भुकटी निघते. लोहचुंबक लावून पाहतात, तोही उपयोगी आहे, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. पट्ट्यांना वापरलेलं काही स्टेनलेस स्टीलही चुंबकाला चिकटतं. रंग, गंजाची तऱ्हा आणि चुंबक, तिन्ही मिळून पाहा.

आणि बंपर पोलादाचाच निघाला, तर आधी धुवा. नुसत्या धुण्याने अर्धा मळ जातो, आणि वाळूचा एखादा कण राहिला तर पुढचा प्रत्येक हात ओरखडा काढतो. मग स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइलचा तळहाताएवढा तुकडा घ्या, हलका चुरगळा, साध्या पाण्यात बुडवा आणि अगदी कमी दाबाने गोल गोल फिरवा. कोला ओतून गंज जातो असं तुम्ही ऐकलं असेल. त्यात थोडं फॉस्फोरिक आम्ल असतं हे खरं, पण मागे साखरेचा चिकटा राहतो, आणि माझ्या अनुभवात साधं पाणीही तेवढंच काम देतं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ, म्हणून क्रोमला तो ओरखडत नाही आणि गंज मात्र उचलतो.

हे तुम्हाला रेडिओवर दाखवता येत नाही, पण यातली मुख्य खूण कानांनीच कळते. सुरुवातीला फॉइल खरखरतो, बारीक सॅंडपेपरसारखा आवाज येतो. बोटांखाली तपकिरी-करडा लगदा जमतो. मिनिटभरात खरखर कमी होत जाते, मग फॉइल एकदम सरकायला लागतो आणि आवाज जवळपास बंद होतो. त्या क्षणी थांबायचं. लगदा पुसायचा, धुवायचं, आणि वीतभर पुढे जायचं. आवाज थांबल्यावरही घासत राहणं ही इथली सगळ्यात मोठी चूक, कारण आता खाली फक्त क्रोम आहे. फॉइलने न हटणाऱ्या डागावर चार शून्यांची, म्हणजे सगळ्यात बारीक, स्टील वूल पातळ तेलात भिजवून वापरता येते. तिचे तंतू मात्र एकूणएक पुसून काढा. मागे राहिलेला तंतू स्वतः गंजतो आणि नवा डाग देतो.

आम्लाबद्दल कळकळीने सांगतो. मी शिकाऊ होतो तेव्हा वडिलांच्या गाडीच्या एका व्हीलकॅपवर संडास साफ करायचं आम्ल लावलं. गंज खरोखर दोन मिनिटांत गेला. धुऊन उन्हात धरली, तर निळसर झाक कुठेच नाही, सगळी टोपी फिकट पिवळी. खालचं निकेल उघडं पडलं होतं. त्या आम्लात असतं हायड्रोक्लोरिक, आणि प्लेटिंगच्या, म्हणजे मुलामा चढवायच्या, कारखान्यात जुनं क्रोम उतरवायला हेच आम्ल वापरतात. बाकीच्या तीन टोप्या फॉइलने साफ केल्या, त्या आजही निळसर आहेत. ती चौथी त्यांच्या शेजारी उभी असते आणि फरक दुरूनही कळतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि जवळजवळ सगळेच विसरतात ते. बंपरची मागची बाजू. प्लेटिंगच्या टाकीत मुलामा विजेने चढतो, आणि ती वीज टोकांकडे आणि उठावाच्या भागांकडे ओढली जाते, खोलगट आतल्या बाजूला मुलामा पातळ बसतो, काही ठिकाणी बसतच नाही. आणि चाकांचा चिखल नेमका तिथेच उडतो, साचतो, दिवसेंदिवस ओला राहतो. समोरून लखलखीत दिसणारा बंपर मागून पापुद्र्यापापुद्र्याने सुटत असतो. आपण वर्षानुवर्षं चेहरा पुसतो आणि तो पाठीतून मरतो. म्हणून वर्षातून एकदा तरी तो उतरवा. बोल्टांवर आदल्या रात्री भेदक तेल, म्हणजे गंजलेल्या आट्यांत झिरपून त्या सैल करणारं तेल, सोडा, घाई करू नका. आतला चिखल धुवा, सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, पूर्ण वाळू द्या, जस्तयुक्त प्रायमर आणि त्यावर रंग द्या. रंग नको असेल तर लॅनोलिनचा, म्हणजे लोकरीतल्या मेणाचा, जाड हात. बसवताना ब्रॅकेट आणि बंपर यांच्या मधे नायलॉनचा वॉशर घाला, म्हणजे तिथे धातूवर धातू घासत नाही.

पुढच्या बाजूचे साफ झालेले खड्डे उघडे ठेवले, तर काही आठवड्यांत पुन्हा तपकिरी होतात. केस वाळवायच्या यंत्राने तो भाग कोमट करा, छिद्रातलं पाणी उडू द्या, आणि लगेच कार्नौबा मेण, म्हणजे एका ताडाच्या पानांपासून मिळणारं कडक मेण, चोळा. कोमट धातूवर मेण खड्ड्यात उतरतं. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. गाडी झाकायची तर श्वास घेणाऱ्या कापडाने झाका, प्लॅस्टिकने नको. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलाद झपाट्याने गंजतं, आणि प्लॅस्टिकखाली ती सहज त्याच्याही पुढे जाते.

मुलाम्याचे पोपडे निघत असतील, खालचं पोलाद बोटाला खडबडीत लागत असेल, तर मग मेणाने भागत नाही, नवं प्लेटिंग लागतं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन गाड्यांवर ही वेळ लवकर येते. कोरियन युद्धामुळे तेव्हा निकेलवर निर्बंध होते आणि क्रोमखाली ते फारच कमी, कधी अजिबात नाही, अशी स्थिती होती. नव्या प्लेटिंगमध्ये खर्च होतो तो क्रोमवर नव्हे, मेहनतीवर. जुने थर उतरवणं, खड्डे घासणं, तांब्याचा जाड थर चढवून तो पुन्हा सपाट करणं, हे सगळं हाताचं काम आहे. तांब्यात राहिलेला बारीकसा ओरखडाही क्रोममध्ये ठळक दिसतो. हे घरी करायचा मोह मात्र कटाक्षाने टाळा. पारंपरिक टाकीतलं षट्‌संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं एक विषारी रूप, हे सिद्ध झालेलं कर्करोगकारक आहे. आता त्रिसंयुजी, म्हणजे दुसऱ्या रूपातल्या, क्रोमियमची पद्धतही वापरात आहे, ती कमी घातक, पण तिची छटा किंचित वेगळी येऊ शकते. म्हणून समोरचा बंपर एका पद्धतीने आणि मागचा दुसऱ्या पद्धतीने, असं करू नका. दोन्ही एकत्रच द्या.

देताना प्रत्येक भागाचा फोटो काढा, भोकं मोजा, आणि निकेल किती जाड चढवणार ते आवर्जून विचारा. परत आला की लगेच गाडीला लावायची घाई होते, मलाही होते. तरी तो आधी पालथा ठेवा. आतल्या बाजूला रंग, रंग वाळला की मेण, आणि मग बोल्ट.

नमस्कार.